प्रतिकृती रेल्वेचा लोहमार्ग

प्रतिकृती रेल्वेचा लोहमार्ग म्हणजे ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या रेल्वेगाड्या धावण्यासाठी रूळ, स्लीपर, सांधे आणि खडी यांपासून तयार केलेला लघुमार्ग होय. इंजिने व डबे बहुधा तयार विकत मिळतात. मार्ग मात्र प्रत्येक छांदिष्टाला आपल्या जागेनुसार स्वतः आखावा व मांडावा लागतो. प्रतिकृती किती खरी दिसते आणि त्यावर गाड्या किती विनाअडथळा धावतात, या दोन्ही गोष्टी मुख्यतः गेज, रुळांची उंची आणि मांडणीतील काटेकोरपणा यांवर अवलंबून असतात. बाजारात मिळणारे तयार मार्ग युरोप व अमेरिकेतील रेल्वेच्या मापांवर बेतलेले आहेत. त्यामुळे भारतीय रेल्वेची प्रतिकृती करताना गेज व रूळ यांची निवड हिशेबाने करावी लागते.

## व्याप्ती

या लेखात टेबलावर किंवा खोलीत मांडल्या जाणाऱ्या, विजेवर चालणाऱ्या प्रतिकृतींच्या मार्गाचा विचार केला आहे. उद्यानांतील माणसे बसवून नेणाऱ्या छोट्या गाड्या, उदाहरणार्थ पुण्याच्या पेशवे उद्यानातील ‘फुलराणी’, तसेच नेरळ–माथेरानसारख्या प्रत्यक्ष नॅरो गेज रेल्वे या प्रकारात मोडत नाहीत.

## प्रमाण आणि गेज

‘प्रमाण’ आणि ‘गेज’ या दोन संज्ञांची अनेकदा गल्लत होते. मूळ वस्तूच्या तुलनेत प्रतिकृती किती पट लहान आहे, हे प्रमाण सांगते. दोन रुळांच्या आतील कडांमधील अंतर म्हणजे गेज. जगात सर्वाधिक प्रचलित असलेले एचओ प्रमाण १:८७ असून त्यात मूळ वस्तूच्या एका फुटासाठी ३.५ मिमी धरले जातात. ब्रिटनमधील ओओ प्रमाण १:७६.२ म्हणजे एका फुटास ४ मिमी असे आहे. टीटी प्रमाण १:१२०, एन प्रमाण १:१६०, तर ओ प्रमाण देशपरत्वे १:४३.५, १:४५ किंवा १:४८ असते.

एचओ प्रमाणातील तयार मार्गाचे गेज १६.५ मिमी असते. हे माप १,४३५ मिमी रुंदीच्या ‘स्टँडर्ड गेज’चे लघुरूप आहे. भारतात मात्र मुख्यत्वे १,६७६ मिमीचे ब्रॉड गेज, १,००० मिमीचे मीटर गेज आणि ७६२ व ६१० मिमीची नॅरो गेज वापरात आली. त्यांची निरनिराळ्या प्रमाणांतील मापे पुढीलप्रमाणे होतात (सर्व मापे मिमीमध्ये):

| प्रमाण | ब्रॉड गेज (१,६७६) | मीटर गेज (१,०००) | नॅरो गेज (७६२) | नॅरो गेज (६१०) |
|---|---|---|---|---|
| १:४५ | ३७.२ | २२.२ | १६.९ | १३.६ |
| १:७६.२ | २२.० | १३.१ | १०.० | ८.० |
| १:८७ | १९.३ | ११.५ | ८.८ | ७.० |
| १:१२० | १४.० | ८.३ | ६.४ | ५.१ |
| १:१६० | १०.५ | ६.३ | ४.८ | ३.८ |

तयार मार्ग प्रामुख्याने ३२, १६.५, १२, ९ आणि ६.५ मिमी या गेजांत मिळतात. कोष्टकाशी तुलना केल्यास असे दिसते, की १:८७ प्रमाणात मीटर गेजसाठी १२ मिमीचा आणि ७६२ मिमीच्या नॅरो गेजसाठी ९ मिमीचा तयार मार्ग जवळपास अचूक ठरतो. ब्रॉड गेजसाठी मात्र १९.३ मिमीऐवजी १६.५ मिमीचाच मार्ग मिळतो. तो सुमारे १४ टक्क्यांनी अरुंद आहे.

### ब्रॉड गेजसाठीचे पर्याय

ही तफावत हाताळण्याचे तीन मार्ग आहेत.

* तफावत स्वीकारणे. डबे व इंजिने १:८७ प्रमाणात ठेवून ती १६.५ मिमीच्या मार्गावर चालवली जातात. बाजूने पाहताना फरक जाणवत नाही. समोरून पाहिल्यास गाडी मार्गाच्या मानाने रुंद दिसते. ब्रिटनमधील ओओ प्रमाणातही हाच प्रकार आहे. तेथे योग्य गेज १८.८३ मिमी असताना १६.५ मिमीचा मार्ग रूढ झाला आहे.
* प्रमाण बदलणे. १,६७६ ला १६.५ ने भागल्यास १०१.६ येतात. म्हणजेच गाड्या सुमारे १:१०० प्रमाणात बनवल्यास १६.५ मिमीचा तयार मार्ग ब्रॉड गेजसाठी बरोबर बसतो. यात डब्यांचे सांगाडे, इमारती व माणसांच्या आकृत्या त्या प्रमाणात स्वतः कराव्या लागतात.
* मार्ग हाताने बांधणे. १९.३ मिमी गेजचा मार्ग सुटे रूळ व स्लीपर वापरून तयार केला जातो. गाड्यांच्या चाकांमधील अंतरही त्यानुसार वाढवावे लागते. हा पर्याय सर्वांत अचूक आणि सर्वांत वेळखाऊ आहे.

हा निर्णय पहिला रूळ ठोकण्यापूर्वीच घ्यावा लागतो. एकदा मार्ग व सांधे बसवल्यावर गेज बदलणे म्हणजे सर्व काम नव्याने करणे होय.

## रुळांची उंची

प्रतिकृतीतील रुळाची उंची ‘कोड’ या क्रमांकाने सांगतात. हा क्रमांक म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेली उंची. कोड १०० चा रूळ ०.१०० इंच म्हणजे २.५४ मिमी, कोड ८३ चा २.११ मिमी, कोड ७५ चा १.९१ मिमी, कोड ७० चा १.७८ मिमी, कोड ५५ चा १.४० मिमी आणि कोड ४० चा १.०२ मिमी उंच असतो.

प्रत्यक्ष रेल्वेत रुळाचा उल्लेख त्याच्या वजनाने होतो. भारतात पूर्वी दर यार्डास इतके पौंड अशी गणना होती. नंतर दर मीटरला इतके किलोग्रॅम अशी झाली. सध्याच्या मुख्य मार्गांवर ६० किलो व ५२ किलोचे रूळ आढळतात. त्यांपूर्वी ९० पौंडी रूळ ब्रॉड गेजवर, तर ७५ व ६० पौंडी रूळ मीटर गेजवर व शाखामार्गांवर सर्रास वापरले जात. १:८७ प्रमाणात त्यांचे रूपांतर असे होते:

| मूळ रूळ | मूळ उंची (मिमी) | १:८७ मध्ये (मिमी) | येणारा कोड | जवळचा तयार रूळ |
|---|---|---|---|---|
| ६० किलो | १७२ | १.९८ | ७८ | कोड ७५ |
| ५२ किलो | १५६ | १.७९ | ७१ | कोड ७० |
| ९० पौंडी | १४२.९ | १.६४ | ६५ | कोड ७० |
| ७५ पौंडी | १२८.६ | १.४८ | ५८ | कोड ५५ |
| ६० पौंडी | ११४.३ | १.३१ | ५२ | कोड ५५ |
| ३० पौंडी | सुमारे ७९ | ०.९१ | ३६ | कोड ४० |

कोड १०० चा रूळ उलट दिशेने मोजल्यास मूळचा २२१ मिमी उंच रूळ दर्शवतो. इतका उंच रूळ भारतीय रेल्वेच्या वरीलपैकी कोणत्याही मापात नाही. तरीही नवशिक्यांना तोच सुचवला जातो, कारण तो मजबूत असतो, त्याचे सांधे सहज मिळतात आणि जुन्या गाड्याही त्यावर चालतात. एन प्रमाणात ही विसंगती वाढते. कोड ८० चा रूळ १:१६० मध्ये ३२५ मिमी उंचीचा भासतो. कोड ५५ सुद्धा २२४ मिमीच्या आसपास जातो.

### चाकांची कड

चाक रुळावरून घसरू नये म्हणून त्याच्या आतील बाजूस कड असते. रूळ जितका बुटका, तितकी या कडेला खाली जागा कमी. युरोपीय नेम मानकानुसार एचओ प्रमाणात कडेची खोली १.२ मिमीपर्यंत असू शकते, तर अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रतिकृती रेल्वे संघटनेच्या आरपी-२५ या शिफारशीत ती सुमारे ०.६४ मिमी आहे. खोल कडेची जुनी चाके बुटक्या रुळावर चालवल्यास ती रूळ धरून ठेवणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर आपटतात व डबा उडतो. म्हणून रूळ निवडण्यापूर्वी जवळच्या सर्व गाड्यांची चाके तपासणे आवश्यक असते. गाड्या मिश्र असल्यास मुख्य मार्गावर कोड ८३ किंवा ७५ आणि केवळ नव्या चाकांच्या गाड्यांसाठी असलेल्या बाजूच्या मार्गावर कोड ७० किंवा ५५ अशी विभागणी केली जाते. प्रत्यक्ष रेल्वेतही यार्डातील रूळ मुख्य मार्गापेक्षा हलके असतात, त्यामुळे अशी विभागणी खरीही दिसते.

### धातू

प्रतिकृतीचे रूळ पोलाद, पितळ किंवा निकेल-सिल्व्हर यांचे असतात. निकेल-सिल्व्हर म्हणजेच व्यवहारातील जर्मन सिल्व्हर. हा तांबे, निकेल व जस्त यांचा मिश्रधातू असून त्यात चांदी नसते. पोलादी रूळ दमट हवेत गंजतात. पितळेवर चढणारा थर वीज नीट वाहू देत नाही, म्हणून तो वारंवार पुसावा लागतो. जर्मन सिल्व्हरवरील थर तुलनेने कमी अडथळा करतो आणि रंगही पोलादाच्या जवळचा दिसतो. त्यामुळे आता हाच धातू सर्वाधिक वापरला जातो.

## उदाहरण: पुणे–मिरज लोहमार्ग

गेज, रूळ आणि कालखंड यांचा परस्परसंबंध सातारा व सांगली जिल्ह्यांतून जाणाऱ्या पुणे–मिरज लोहमार्गावरून स्पष्ट होतो. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत हा मार्ग मीटर गेजमध्ये बांधला. लोणंद, वाठार, कोरेगाव, रहिमतपूर, कराड, किर्लोस्करवाडी व सांगली ही त्यावरील काही स्थानके. खटाव तालुक्याचे मुख्यालय असलेले वडूज या मार्गापासून पूर्वेस आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस या मार्गाचे ब्रॉड गेजमध्ये रूपांतर झाले. मिरजेस १९२७ मध्ये बारशी लाइट रेल्वेचे ७६२ मिमी गेजही पंढरपूरकडून येऊन पोहोचले होते. त्यामुळे तिन्ही गेज पाहिलेले स्थानक म्हणून मिरज ओळखले जाते.

या मार्गावरील कोरेगावसारख्या स्थानकाची १:८७ प्रमाणात प्रतिकृती करायची झाल्यास कालखंडानुसार निवड बदलते. मीटर गेजच्या काळासाठी १२ मिमीचा तयार मार्ग व कोड ५५ चा रूळ योग्य ठरतो. रूपांतरानंतरच्या काळासाठी गेज १९.३ मिमी आणि रूळ कोड ७० किंवा ७५ असावा लागतो. यांपैकी गेज तयार मिळत नाही. म्हणजेच आजचे स्थानक साकारण्यापेक्षा पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे स्थानक मापात अचूक साकारणे सोपे आहे. मिरजेची नॅरो गेज बाजू दाखवायची असल्यास ९ मिमीचा मार्ग वापरता येतो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी आखलेली व १८९७ मध्ये सुरू झालेली बारशी लाइट रेल्वे हलक्या रुळांसाठी प्रसिद्ध होती. मूळचे ३० पौंडी रूळ दाखवण्यास कोड ४० सर्वांत जवळचा आहे.

स्लीपरही कालखंड सांगतात. ब्रॉड गेजच्या काँक्रीट स्लीपरची लांबी २,७५० मिमी असते. १:८७ मध्ये ती ३१.६ मिमी होते. एका किलोमीटरात १,६६० स्लीपर असल्यास त्यांतील अंतर प्रतिकृतीत सुमारे ६.९ मिमी येते. जुन्या काळासाठी लाकडी किंवा लोखंडी स्लीपर दाखवावे लागतात.

## आखणी

वक्र. भारतीय ब्रॉड गेजवर १० अंशांचा, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचा वक्र ही तीव्रतेची मर्यादा आहे. १:८७ मध्ये ही त्रिज्या दोन मीटर होते आणि घरगुती खोलीत ती क्वचितच बसते. व्यवहारात सर्वांत लांब डब्याच्या लांबीच्या किमान तिप्पट त्रिज्या ठेवण्याचा संकेत आहे. बफरसह २२.३ मीटर लांबीचा आयसीएफ डबा १:८७ मध्ये २५६ मिमी होतो; त्यासाठी सुमारे ७७ सेंमी त्रिज्या हवी. तयार मार्गाच्या संचांत मिळणारे ४६ सेंमी त्रिज्येचे वक्र अशा डब्यांना अपुरे पडतात. ७६२ मिमीच्या नॅरो गेजवर मात्र ४० अंशांचा, ४४ मीटर त्रिज्येचा वक्र चालतो. तो १:८७ मध्ये जेमतेम ५१ सेंमी होतो, म्हणून लहान जागेसाठी नॅरो गेज सोयीचे ठरते. सरळ मार्ग व वक्र यांच्यामध्ये हळूहळू वळत जाणारा संक्रमण वक्र दिल्यास डबे झटका न खाता वळतात.

चढ. बोर घाटात चढ १:३७ आहे, तर माथेरानच्या मार्गावर तो १:२० पर्यंत जातो. प्रतिकृतीतील इंजिने हलकी असल्याने १:५० पेक्षा तीव्र चढ शक्यतो टाळतात. एका मार्गावरून दुसरा मार्ग नेण्यास एचओ प्रमाणात साधारण ७६ मिमी उंची लागते. १:५० च्या चढाने ती गाठण्यास ३.८ मीटर लांबी खर्च होते. शिंदवणे किंवा आदर्की घाटासारखा देखावा करताना हा हिशेब आधी करावा लागतो. चढाच्या प्रारंभी व शेवटी उतार एकदम न बदलता क्रमाने बदलणे गरजेचे असते. अन्यथा डब्यांच्या जोडण्या सुटतात.

लांबी. २४ डब्यांची गाडी १:८७ मध्ये सहा मीटरपेक्षा लांब होते. त्यामुळे बहुतेक प्रतिकृतींत गाडी सहा ते आठ डब्यांची ठेवून फलाट व लूपमार्ग त्या प्रमाणात आखूड करतात. सहा डबे व १७.१ मीटर लांबीचे डब्ल्यूडीएम-२ इंजिन मिळून सुमारे पावणेदोन मीटर लांबी होते.

सांधे. सांध्याचा कोन क्रमांकाने दर्शवतात. भारतीय रेल्वेत प्रवासी मार्गांवर १:१२ आणि यार्डांत १:८½ हे सांधे नेहमीचे आहेत. १:१२ चा ब्रॉड गेज सांधा सुमारे ४० मीटर लांब असतो. १:८७ मध्ये तो ४६ सेंमी होईल. तयार सांधे याहून बरेच आखूड व तीव्र असतात. मुख्य मार्गावर क्रमांक ६ किंवा ८ आणि यार्डात क्रमांक ४ ही सर्वसाधारण विभागणी आहे. सांधा वक्राच्या किंवा चढाच्या बदलाच्या जागी बसवणे टाळतात.

## मांडणी

मार्गाखालील पाया सपाट व न वाकणारा असावा लागतो. त्यासाठी १२ मिमी जाडीचे चांगल्या प्रतीचे प्लायवूड लाकडी चौकटीवर बसवतात. त्यावर कॉर्कची पट्टी चिकटवल्याने आवाज कमी होतो आणि खडीच्या थराचा उंचवटाही तयार होतो. थर्माकोल डोंगर-टेकड्यांसाठी उपयुक्त असला, तरी थेट रुळांखाली तो दबतो.

मार्गाची मध्यरेषा आधी पूर्ण आकारात पायावर आखतात. नंतर सांधे त्यांच्या जागी ठेवून त्यांच्यामधील मार्ग भरत जातात, कारण सांध्यांची मापे ठरलेली असतात व लवचीक मार्ग हवा तसा कापता येतो. लवचीक मार्गाचे तुकडे साधारणतः ९१४ मिमी लांबीचे असतात. वक्रावर तो वाकवताना आतील रूळ पुढे सरकतो. तो कापून कानशीने गुळगुळीत करावा लागतो. वक्रावरील दोन तुकडे सरळ असतानाच जोडून डाख दिल्यास जोडापाशी कोन पडत नाही.

धातू तापल्याने प्रसरण पावतो. तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढल्यास ९१४ मिमी लांबीचा जर्मन सिल्व्हरचा रूळ सुमारे ०.४ मिमीने वाढतो. म्हणून सरळ मार्गावर सर्व जोड पक्के न करता काही ठिकाणी बारीक फट ठेवतात. हिवाळ्यातील थंड सकाळी फट थोडी जास्त, तर उन्हाळ्यात कमी ठेवणे योग्य ठरते.

१९.३ मिमी गेजचा मार्ग हाताने बांधताना तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या स्लीपर म्हणून कापतात व त्यांवर रूळ डाखतात. दोन्ही रुळांत वीज एकत्र येऊ नये म्हणून प्रत्येक पट्टीवरील तांब्याचा थर मध्ये खरवडून तोडावा लागतो. गेजमापक दर काही सेंटिमीटरवर फिरवून अंतर तपासले जाते.

खडी पसरणे हे सर्वांत शेवटचे काम आहे. त्यापूर्वी सर्व गाड्या दोन्ही दिशांनी, पुढे ढकलत व मागे ओढत चालवून पाहाव्या लागतात. चाळलेली बारीक दगडी कच स्लीपरांमध्ये पसरून तिच्यावर पाणी मिसळलेला पांढरा गोंद थेंबाथेंबाने सोडतात. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाऊ देत नाहीत.

## वीजपुरवठा

दोन-रूळ पद्धतीत दोन्ही रूळ एकमेकांपासून अलग असतात आणि इंजिन चाकांमधून वीज घेते. पारंपरिक पद्धतीत मार्गाला १२ व्होल्टपर्यंतचा एकदिश प्रवाह देऊन वेग बदलतात. डिजिटल पद्धतीत प्रत्येक इंजिनाला स्वतंत्र आज्ञा देता येते. जर्मन सिल्व्हर तांब्याइतके सुवाहक नाही व जोडपट्ट्या कालांतराने सैल होतात, म्हणून पायाखालून जाड तांब्याची मुख्य तार नेऊन मार्गाच्या प्रत्येक तुकड्याला बारीक तारेने जोडतात. मार्ग वळून स्वतःलाच येऊन मिळत असेल, तर दोन विरुद्ध रूळ एकत्र येऊन शॉर्ट सर्किट होते. अशा वळशाला दोन्ही टोकांना विद्युतदृष्ट्या वेगळे करावे लागते.

## हवामान व देखभाल

प्रतिकृतीचा मार्ग बिघडण्यास रुळांपेक्षा बहुधा लाकूड कारणीभूत असते. सातारा जिल्ह्यातच महाबळेश्वरचा अतिवृष्टीचा भाग आणि खटाव-माणचा अवर्षणप्रवण भाग असे दोन टोकांचे हवामान आढळते. दमट भागात प्लायवूड फुगून मार्ग उंचसखल होतो. त्यामुळे ते सर्व बाजूंनी, कडांसह, रंगवून बंद करणे आवश्यक असते. वडूजसारख्या कोरड्या भागात धूळ ही मुख्य अडचण आहे. रुळांवरील धूळ चाकांवर चढून वीजप्रवाह खंडित करते. रूळ स्वच्छ कापडाने व आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतात. खरबरीत पॉलिश कागद टाळतात, कारण त्याने पडलेल्या चऱ्यांत मळ अधिक साचतो.

## महाराष्ट्रातील प्रतिकृती रेल्वे

पुण्यातील कोथरूड येथे जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊ जोशी यांनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभे राहिले व १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथील चालती प्रतिकृती १:८७ प्रमाणात असून एका लघुनगरीतून निरनिराळ्या प्रकारच्या गाड्या धावताना दाखवल्या जातात. गेज, वक्र, सांधे व सिग्नल यांचा मेळ प्रत्यक्ष पाहण्यासाठी विद्यार्थ्यांना हे संग्रहालय उपयुक्त आहे.

## हे सुद्धा पाहा

* बारशी लाइट रेल्वे
* पुणे–मिरज–लोंढा रेल्वेमार्ग
* माथेरान डोंगरी रेल्वे
* ब्रॉड गेज
* मीटर गेज